नाव लिहायची वेळ

अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं २३ ऑगस्ट १९४३ रोजी आपल्या प्रयोगवहीत अकराव्या प्रयोगाची नोंद सुरू केली. अमेरिकेत न्यू जर्सीतलं रटगर्स विद्यापीठ, तिथला मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारा विभाग आणि त्या विभागाचं तळघर. पाठीच्या दुखण्यामुळे लष्करातून परत आलेला हा मुलगा महिना चाळीस डॉलरवर काम करत होता. काम तळघरात, कारण क्षयाचे जिवंत जंतू वरच्या मजल्यावर नकोत असं विभागाचे प्रमुख सेल्मन वॅक्समन यांचं म्हणणं होतं. त्या कामातून एकाच सूक्ष्मजीवाचे दोन वाण हाती लागले. एक भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला. दुसरा एका कोंबडीच्या घशातल्या नमुन्यातून. तो वाढवलेली काचेची बशी शॅट्झच्या हाती ठेवली होती डोरिस जोन्स या त्याच्या सहकारी विद्यार्थिनीनं. ऑक्टोबरात शॅट्झची खात्री पटली की हे नवं प्रतिजैविक आहे. त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर लागू पडलेलं पहिलं प्रतिजैविक.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला या औषधाचं मोल वेगळं सांगायला नको. घरात कुणाला क्षय झाला तर त्याची ताटवाटी वेगळी होत होती, मुलीचं लग्न मोडत होतं. शिवडीच्या रुग्णालयात किंवा मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये गेलेला माणूस परत येईल याची शाश्वती नव्हती. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, १९६०च्या दशकात, हेच औषध तयार होऊ लागलं. कोट्यवधी माणसं ज्यानं वाचवली, त्या शोधाच्या श्रेयाची कथा मात्र वाचवत नाही.

जानेवारी १९४४मध्ये या शोधाचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावं होती आणि ती या क्रमानं: शॅट्झ, एलिझाबेथ ब्युजी, वॅक्समन. पेटंटसाठी अर्ज झाला तेव्हा त्यातली दोनच उरली, वॅक्समन आणि शॅट्झ. ते पेटंट १९४८मध्ये मिळालं आणि रटगर्सशी जोडलेल्या प्रतिष्ठानाच्या नावे झालं. १९५२मध्ये वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं, ते एकट्या वॅक्समन यांना. आठ वर्षांत तिनाची दोन आणि दोनाचं एक नाव झालं. त्या आठ वर्षांत तळघरातल्या वहीत एकही ओळ बदललेली नव्हती.

मधल्या काळात जे घडलं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. शॅट्झनं आपले हक्क एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात प्रतिष्ठानाला दिले होते. औषध सगळ्यांना मिळावं, कुणी एकानं त्यावर मक्ता धरू नये, या समजुतीनं. वॅक्समन यांना त्याच प्रतिष्ठानाकडून रॉयल्टीचा पाचवा हिस्सा मिळत होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती रक्कम साडेतीन लाख डॉलरच्या घरात गेली होती. ते कळल्यावर मार्च १९५०मध्ये त्यानं आपल्या गुरूवर आणि प्रतिष्ठानावर दावा लावला. त्या काळच्या विद्यापीठीय जगाच्या दृष्टीनं हा उद्धटपणाच होता. पण पेटंटच्या अर्जासोबत दोघांनी शपथेवर सही केलेला कागद होता, आणि त्यात शॅट्झ हा सहसंशोधक आहे असं स्वच्छ लिहिलेलं होतं. वर्ष संपायच्या आत तडजोड झाली. शॅट्झला सहशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीत तीन टक्के, वॅक्समन यांना दहा, आणि सात टक्के प्रयोगशाळेतल्या इतर सहकाऱ्यांत वाटून.

वॅक्समन यांना चोर ठरवून ही गोष्ट संपवता येते, पण ते मला पटत नाही. मातीतले सूक्ष्मजीव पद्धतशीर चाळून त्यांतून औषधं शोधायची, ही सगळी वाट त्यांनी घालून दिली होती. शॅट्झच्या आधी याच प्रयोगशाळेतून त्याच वाटेनं अ‍ॅक्टिनोमायसिन आणि स्ट्रेप्टोथ्रिसिन निघाली होती. आपल्या वाट्याच्या पैशांतला मोठा भाग त्यांनी विज्ञानासाठीच दिला. माणूस लबाड नव्हता, आणि म्हणूनच ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. अर्ज करताना त्यांनी शपथेवर शॅट्झचं नाव लिहिलं, आणि पुढे त्याच शॅट्झला आपल्या प्रयोगशाळेतल्या अनेक मदतनिसांपैकी एक ठरवायला निघाले. या दोन टोकांच्या मध्ये पुरावा बदलला नव्हता. शोधाची किंमत तेवढी कळली होती. किंमत कळल्यावर माणसाची आठवण आपल्या बाजूला कलते, आणि तसं होताना ती खोटं बोलतेय असं तिचं तिला वाटतही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की श्रेयाची नोंद शोधाची किंमत कळायच्या आत व्हायला हवी. जे काम करतात त्या प्रत्येकाकडून, तारखेसह, आणि प्रमुखाच्या मर्जीवर न सोडता. संशोधन संस्थेत नवा शोध कळवायचा जो अर्ज असतो, ज्याला सगळीकडे डिस्क्लोजर फॉर्म म्हणतात, त्यातला 'योगदान कुणाचं' हा रकाना हीच त्याची जागा. हा रकाना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरला जातो, हे आपल्या संस्थांचं दुखणं आहे.

ब्युजीबद्दल थांबून लिहायला हवं, कारण शॅट्झला निदान न्यायालय तरी मिळालं. याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, निबंधावर दुसरं नाव असलेल्या या मुलीकडून पेटंटच्या वेळी शपथपत्र घेतलं गेलं की या शोधात आपला वाटा नाही. तिच्या मुलींनी पुढे सांगितलं की तिची समजूत घालण्यात आली होती: तुझं लग्न होईल, संसार होईल, पेटंटवर नाव असलं नसलं तर तुला काय फरक पडणार आहे. तडजोडीनंतर तिला रॉयल्टीचा अगदी नगण्य अंश मिळाला. आपल्या गावाकडे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तसंच हे. सही तिचीच असते, जबरदस्ती कुणी केलेली नसते, आणि सातबाऱ्यावरून नाव जातं ते कायमचं. ब्युजीचा वाटा कायद्याच्या व्याख्येत शोधक ठरण्याइतका होता की नव्हता, हा प्रश्न खरोखरच विचारण्यासारखा होता. तो तिच्या प्रयोगवहीकडे बघून सुटायला हवा होता. सुटला तो तिच्या लग्नाकडे बघून.

याच्या वीस वर्षं आधी कॅनडात टोरांटो विद्यापीठानं वेगळा मार्ग धरला होता. ११ जानेवारी १९२२ला लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. तो शुद्ध केला जेम्स कॉलिप यांनी. त्या आधीच्या उन्हाळ्यात कुत्र्यांवरचे प्रयोग फ्रेडरिक बॅन्टिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी केले होते, जागा आणि दिशा जॉन मॅक्लॉउड यांची होती. चौघांत विस्तव जात नव्हता. बॅन्टिंग आणि कॉलिप यांचं भांडण तर हातघाईवर आलं होतं. तरीही २५ जानेवारीला, पहिल्या इंजेक्शननंतर अवघ्या दोन आठवड्यांत, चौघांनी एका करारावर सह्या केल्या: कुणीही परस्पर पेटंट घ्यायला जाणार नाही, पुढचं काम विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेबरोबर होईल. इन्सुलिन किती विकलं जाणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले गेले.

या पेटंटच्या अर्जातही एक बोलका प्रसंग आहे. डॉक्टरानं औषधाचं पेटंट घेणं शपथेला धरून नाही, या भावनेनं बॅन्टिंग आधी नाव घालायला तयार नव्हते, आणि अर्ज कॉलिप आणि बेस्ट यांच्या नावे झाला. मग सल्ला मिळाला की खऱ्या शोधकाचं नाव नसेल तर पेटंटच टिकणार नाही. नाइलाजानं बॅन्टिंग यांचं नाव घातलं गेलं. नाव घालणं हा मान देण्याघेण्याचा मामला नाही, ते कायद्यापुढचं सत्यकथन आहे, हे इथे उघड होतं. नम्रतेपोटी गाळलेलं नावही खोटंच ठरतं.

१९२३चं नोबेल बॅन्टिंग आणि मॅक्लॉउड यांना मिळालं. बॅन्टिंगनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टना दिला, मॅक्लॉउडनी कॉलिपना. मनं जुळली नाहीत ती नाहीतच. पण औषध कुणा एकाच्या तिजोरीत गेलं नाही, आणि चौघांपैकी कुणाचं काम काय हे आज शंभर वर्षांनी सांगता येतं. लवकर झालेल्या सहीनं भांडण मिटत नाही, पण शोध भांडणातून वाचतो.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण निम्मे वाद तो न कळल्यामुळे होतात. शोधनिबंधाचा लेखक आणि पेटंटमधला शोधक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधावर नाव घालताना विज्ञानाची रीत सैल असते. ज्यानं मोजमापं केली, आकडे तपासले, मसुदा लिहिला, ते सगळे त्यात येऊ शकतात. पेटंटचा कायदा फक्त एवढंच विचारतो की ज्या दाव्यांवर हक्क मागितला आहे त्यांतली कल्पना कुणाच्या डोक्यातून आली.

समजा, गाईडनी पीएचडीच्या मुलीला सांगितलं की अमुक उत्प्रेरक वापरून हे रसायन करून बघ. सांगितल्याप्रमाणे केलं तर यील्ड, म्हणजे हाती लागणारा माल, येते पंधरा टक्के. ती झगडते, आणि तिच्या लक्षात येतं की द्रावकात पाण्याचा अंश राहिला की उत्प्रेरक मरतो. मग ती पदार्थ घालायचा क्रमच उलटा करते, उत्प्रेरक शेवटी थेंबाथेंबानं सोडते, आणि यील्ड ऐंशीवर जाते. पेटंटच्या दाव्यात हाच क्रम लिहिला गेला तर ती शोधक आहे, मग तिची नेमणूक सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर असो की आणखी कशावर. याउलट गाईडनी क्रम, तापमान, वेळ सगळं सांगितलं आणि तिनं तेच चाळीस वेळा अचूक करून दाखवलं, तर ती निबंधाची लेखिका आहे, पेटंटमधली शोधक नाही. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रावर नमुने चालवून देणारे तंत्रज्ञ सहसा दोन्हीत नसतात. पण त्यांनी आकृतीतलं एखादं शिखर दाखवून 'हे तुम्हाला वाटतंय ते संयुगच नाही' असं सांगितलं असेल आणि त्यातून शोधाची दिशा फिरली असेल, तर त्यांचाही विचार करावा लागतो. आणि विभागप्रमुख केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून शोधक ठरत नाहीत, जगातल्या कुठल्याच पेटंट कायद्यात.

म्हणजे दोन नोंदी हव्यात. एक कडक, शोधकांची. आणि एक मोकळी, योगदान देणाऱ्या सगळ्यांची. आज संस्थांत एकच असते, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी ताण येतो. कुणाचा तरी हिरमोड नको म्हणून शोधकांच्या यादीत नावं घुसतात, आणि यादी लांबतेय म्हणून खरी नावं गळतात. निबंधांसाठी जगभर योगदानाच्या चौदा भूमिका आता प्रमाण झाल्या आहेत. कल्पना कुणाची, पद्धत कुणी बसवली, नमुने कुणी पुरवले, आकडे कुणी सांभाळले, हे वेगवेगळं लिहिता येतं. हीच सवय शोध कळवायच्या अर्जात आणली तर कडक यादी कडक ठेवायला कुणाची हरकत राहणार नाही.

हा सगळा भावनेचा प्रश्न आहे असं समजणाऱ्या संचालकांनी जनुकांत फेरफार करणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या युरोपातल्या पेटंटचं काय झालं ते बघावं. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटनं अमेरिकेत २०१२च्या डिसेंबरात पहिला अर्ज केला तेव्हा त्यात रॉकफेलर विद्यापीठाच्या लुचियानो मॅराफिनी यांचं नाव होतं. युरोपातल्या अर्जात ते नव्हतं. युरोपच्या पेटंट कार्यालयानं जानेवारी २०१८मध्ये सांगितलं की ज्यांनी पहिला अर्ज केला ते सगळे किंवा त्यांचे हक्क घेणारे दुसऱ्या अर्जात नसतील, तर पहिल्या अर्जाची तारीख धरता येणार नाही. तारीख पुढे सरकली, आणि मधल्या काळात छापले गेलेले निबंध आड आले. पेटंट रद्द झालं, आणि २०२०च्या अपिलातही तो निर्णय कायम राहिला. या शतकातल्या जीवशास्त्राच्या सर्वांत मोलाच्या पेटंटांपैकी एक, वादाच्या मुळाशी एक गळलेलं नाव.

कर्करोगावरच्या उपचारांतही तेच. प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणारी पीडी-१ औषधं ज्यांच्या कामातून आली, त्या जपानच्या तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं, आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. पण बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतले गॉर्डन फ्रीमन आणि जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीतले क्लाइव्ह वूड यांनी होंजो यांच्याबरोबर काम केलं होतं, २०००मध्ये एकत्र निबंध लिहिला होता. पेटंटांवर मात्र त्यांची नावं नव्हती. अमेरिकी न्यायालयानं २०१९मध्ये दोघांना सहशोधक ठरवलं आणि पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयानं ते कायम केलं. वीस वर्षांपूर्वीचे ईमेल, बैठकांची टिपणं, कोणी कोणाला कधी काय पाठवलं, हे सगळं न्यायाधीशांपुढे उलगडावं लागलं. ते काम तेव्हाच एका पानाच्या नोंदीनं झालं असतं.

आता आपल्याकडे. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात अर्जासोबत शोधकांबद्दल वेगळं निवेदन द्यावं लागतं, आणि कलम २८ प्रमाणे गळलेल्या शोधकाला आपलं नाव नोंदवून घेण्याची मागणी करता येते. त्याच कलमात म्हटलंय की अशा उल्लेखानं पेटंटच्या हक्कांत भर पडत नाही आणि घटही होत नाही. याचा अर्थ काय? विद्यार्थ्याचं खरं नाव घातल्यानं संस्थेचा एक पैसाही जात नाही. मालकी संस्थेकडेच राहते. मग नावं गळतात का?

गळतात, कारण आपल्या प्रयोगशाळेत गाईड हे पद नाही, छत्र आहे. प्रबंधावर सही त्यांची, शिफारसपत्र त्यांचं, पुढच्या फेलोशिपसाठी फोन करणार तेच. 'सर, या दाव्यात माझी कल्पना आहे' हे वाक्य उच्चारायला लागणारं धैर्य आपण सव्वीस वर्षांच्या मुलामुलीकडून मागतो आणि मिळालं नाही की म्हणतो, हरकत तर कुणी घेतली नव्हती. प्रोजेक्ट असिस्टंटची गोष्ट आणखी कठीण. प्रोजेक्ट संपला की तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या नोकरीत. अर्ज भरताना त्याचा फोन लागत नाही, आणि सही मिळवण्यापेक्षा नाव वगळणं सोपं जातं. अर्जही उशिरा होतो. प्रबंध सादर होतो, ग्रंथालयात लागतो, आणि मग कुणाला तरी पेटंट सुचतं; तोवर शोधाचं नावीन्यच संपलेलं असतं. आपल्या कायद्यात आधी छापलेल्याला मिळणारी सूट फार अरुंद आहे.

दुसऱ्या टोकाला याहून वाईट चाललं आहे. २०२१मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ऐंशी टक्के सवलत मिळाली. निर्णय चांगलाच होता. पण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटची संख्या धरली जाते, प्राध्यापकाच्या बढतीत तिचे गुण मिळतात, आणि प्रसिद्ध झालेला अर्जसुद्धा मोजला जातो. त्यामुळे ज्या अर्जात शोध शोधूनही सापडत नाही त्यावर आठ-दहा प्राध्यापकांची नावं, तीही वेगवेगळ्या राज्यांतल्या महाविद्यालयांतली, दिसू लागली आहेत. एकमेकांना कधी न भेटलेले लोक एकाच कल्पनेचे जनक होतात. प्रामाणिक विद्यार्थ्याचं नाव वगळणं आणि काम न केलेल्याचं नाव घालणं, हे एकाच रोगाचे दोन चट्टे आहेत. दोन्हीकडे कागदावरच्या नावाचा केलेल्या कामाशी संबंध तुटलेला असतो.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो प्रमुखाच्या हातून काढून घ्यावा लागेल. प्रयोगवहीच्या पानावर तारीख आणि दुसऱ्याची साक्षीची सही, हे जुनं वळण पुन्हा लावावं. शोध कळवायचा अर्ज गटानं मिळून भरू नये. ज्याचा ज्याचा हात लागला त्यानं आपापलं निवेदन स्वतंत्र द्यावं, संस्थेच्या पेटंट विभागानं ते थेट मागावं, आणि सोडून गेलेल्यांनाही विचारावं. निवेदनं जुळली नाहीत तर मतभेद लिहून ठेवावेत. शोधकांची अंतिम यादी अर्जाआधी सगळ्यांना दिसावी, आणि ज्याचं नाव कडक यादीत बसलं नाही त्याला ते का, हे समोर बसवून सांगावं. कामाच्या भरात असा हिशेब ठेवला तर विश्वास संपेल, असं म्हणणारे असतात. प्रयोगशाळा हे कुटुंब आहे, असंही म्हणतात. ब्युजीचं शपथपत्र अशाच एका कुटुंबात झालं होतं.

आणि प्रयोगशाळेच्या कुंपणाबाहेरच्यांचं काय? स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या दोन वाणांपैकी एक कुणाच्या तरी खतावलेल्या शेतातला होता. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६१च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधलं, तेव्हा औषधाच्या नावात कंपनी आली आणि ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असं, गाव आलं. हे मला फार आवडतं. पण गावाचं नाव देणं सोपं असतं. माणसाचं नाव द्यायची वेळ येते तेव्हा आपण कसे वागतो, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३मध्ये त्यांच्या बांधीत पटेल-३ या जातीचं धान उभं होतं. त्यात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा बारीक आणि पिवळसर. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात रानडुकरांपासून वाचवत शेताच्या मध्यभागी लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. वर्षानुवर्षं. बारीक दाण्याचा, चवीला सरस असा तांदूळ तयार झाला. मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही तेव्हा मिरवायची गोष्ट, म्हणून तांदळालाही एचएमटी नाव पडलं, आणि तो विदर्भाबाहेर शेजारच्या राज्यांत पसरला.

१९९४मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं खोब्रागडे यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' ही जात प्रसारित केली. विद्यापीठाची बाजू अशी की शेतकऱ्याचं बियाणं मिसळलेलं होतं, ते निवडून शुद्ध केलं ते आमच्या शास्त्रज्ञांनी. हे म्हणणं धुडकावण्यासारखं नाही. शुद्ध वाण काढायला कसब लागतं, हंगाम लागतात, शिस्त लागते. इन्सुलिनच्या बाबतीत कॉलिपनी तेच केलं होतं. पण कॉलिपनी अर्क शुद्ध केला म्हणून बॅन्टिंग आणि बेस्ट गायब झाले नाहीत; पेटंटवर तिघंही राहिले. ज्या पटेल-३ मधून खोब्रागडे यांनी लोंब्या निवडल्या, ती जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या ज्या शास्त्रज्ञानं काढली त्याचं आडनाव जातीच्या नावात आजही आहे. शास्त्रज्ञानं जात काढली तर त्याचं आडनाव लागलं, आणि शेतकऱ्यानं काढली तर घड्याळाचं नाव आणि त्याच्यापुढे विद्यापीठाची आद्याक्षरं.

राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं खोब्रागडे यांचं काम उजेडात आणलं, २००५मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते गौरव झाला, देशापरदेशातल्या मासिकांत नाव आलं. कर्ज आणि आजारपण सुटलं नाही. ३ जून २०१८ला ते गेले. शेवटच्या वर्षांत वर्तमानपत्रांनी त्यांच्या गरिबीवर लिहिलं, मदतीची आवाहनं झाली. मला त्या आवाहनांनी बरं वाटलं नाही. खोब्रागडे यांना दया नको होती. प्रसारणाच्या प्रस्तावात 'मूळ निवड: दादाजी खोब्रागडे, नांदेड' एवढी ओळ हवी होती, १९९८मध्ये, जेव्हा ती लिहायला काहीच लागलं नसतं.

त्यानंतर २००१चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आला. त्यात शेतकऱ्याला वाणाचा पैदासकार म्हणून नोंदणी करता येते, आणि कुठल्याही नव्या जातीची नोंदणी मागताना, ती ज्यांतून काढली त्या मूळ वाणांची माहिती आणि त्यात शेतकऱ्याचा, गावाचा किंवा संस्थेचा वाटा असेल तर तो अर्जातच सांगावा लागतो. म्हणजे इतर सगळ्या संशोधन संस्थांकडून मी जो रकाना मागतो आहे, तो शेतीच्या कायद्यात आहे. आता महाराष्ट्रातल्या चारही कृषी विद्यापीठांनी आपल्या जुन्या प्रसारित जातींचे प्रस्ताव कपाटातून बाहेर काढावेत, कुठल्या जातीचं बियाणं कुणाच्या बांधावरून आलं ते तपासावं आणि ती नावं जातींच्या अधिकृत माहितीत घालावीत. सुरुवात पीकेव्ही एचएमटीपासून करता येईल. बियाण्याच्या पिशवीवर विद्यापीठाच्या नावाखाली खोब्रागडे यांचं नाव छापायला जागाही पुरेशी आहे.